मदत हवी आहे: आप्पांचा जुना सेनहायझर एचडी 600 हेडफोन, डावी बाजू जाते-येते, दुकानदार म्हणतो टाकून द्या

नमस्कार मंडळी. पहिल्यांदाच धागा काढतोय, जरा लांबलाय पण पूर्ण वाचा ही विनंती, कारण अर्धंच सांगितलं की लगेच "नवा घ्या" असं उत्तर येतं आणि ते मला नकोय.

वस्तू अशी. सेनहायझर एचडी 600, आमच्या धाकट्या चुलत्यांचा, आम्ही सगळे त्यांना आप्पा म्हणतो. ते जहाजावर इंजिनरूमला होते, 2001 ला हॅम्बुर्गला जहाज लागलं तेव्हा घेतलेला. त्याच्यात एवढे पैसे घातले म्हणून आजी महिनाभर त्यांच्याशी नीट बोलत नव्हती असं आई सांगते. काळसर निळा रंग आणि त्यावर पांढरट ठिपके, ग्रॅनाइटच्या फरशीसारखं दिसतं, दोन्ही कानांवर बाहेरून काळी जाळी आणि एका ठिकाणी बारीक अक्षरात मेड इन आयर्लंड. कंपनी जर्मनीची, पण हे मॉडेल आयर्लंडच्या कारखान्यात बनायचं. 1997 ला बाजारात आलं, म्हणजे आप्पांनी घेतला तेव्हा तसा नवाच होता.

आप्पा रोज रात्री जेवून झालं की खिडकीजवळच्या खुर्चीत बसून दीड-दोन तास ऐकतात, बहुतेक जयपूर-अत्रौली घराण्याचं गाणंच. अल्लादिया खाँसाहेबांना शाहू महाराजांनी कोल्हापुरात आश्रय दिला आणि त्यामुळं हे गाणं आपल्या गावात रुजलं, हे आप्पा घरी आलेल्या प्रत्येकाला सांगतात, अगदी गॅसवाल्यालासुद्धा. केसरबाई, मन्सूर, ठरलेली माणसं. हेडफोन जुन्या अँपच्या (अँप्लिफायरच्या) मोठ्या जॅकला लावलेला असतो आणि जाळी उघडी असल्यामुळं बाजूला बसलं की आपल्यालाही बारीक आवाजात सगळं ऐकू येतं. मी लहानपणी असंच ऐकलंय, आप्पांच्या खुर्चीशेजारी जमिनीवर अभ्यास करत. मला गाण्यातलं कळत नाही, पण एखादी लांब तान संपून समेवर आली की आप्पांची मांडीवरची बोटं थांबतात ते मला दिसायचं.

आमचं घर शाहूपुरीत कुंभार गल्लीजवळ. 2019 च्या ऑगस्टला महापुराचं पाणी घरात शिरलं तेव्हा आप्पांनी सगळ्यात आधी हा हेडफोन आई उन्हाळ्यात सांडगे भरते त्या स्टीलच्या मोठ्या डब्यात घातला, झाकण दाबून बसवलं आणि डबा माळ्यावर नेऊन ठेवला. अँप खालीच राहिला, तो नंतर दुरुस्त करून घेतला. हेडफोनला पाण्याचा थेंब लागला नाही.

आता अडचण. यंदा पाऊस सुरू झाल्यापासून डावी बाजू मधेच जाते. वायर हलवली की कधी खर्र करून परत येते, कधी येत नाही. आप्पा म्हणाले, "आरं, तंबोरा समदा उजवीकडं सरकलाय बघ." दुसरं म्हणजे उजव्या बाजूला खर्जाचा सूर लागला किंवा डग्ग्यावर घुमारा आला की झर्र असा आवाज येतो, पत्रा थरथरतो तसा. वरच्या सुरांना येत नाही.

इथल्या एका दुकानात दाखवायला नेला. तिथल्या माणसानं वायरीला धरून ओढूनच कनेक्टर काढला, डाव्या बाजूला मीटर लावलं आणि म्हणाला कॉइल ओपन आहे (म्हणजे आतली तार तुटलीय), ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारा आतला भाग, गेला, एवढ्या जुन्याला पार्ट मिळत नाहीत, टाकून द्या आणि हा ब्लूटूथवाला घ्या. मला त्याचं बोलणं लई लागलं. खोटं कशाला सांगू, येताना पंचगंगेच्या घाटावर दहा मिनिटं नुसता बसलो, घरी जाऊन आप्पांना काय सांगायचं हेच कळत नव्हतं.

नवा घेऊन बघितलाय. मागच्या दिवाळीला मीच त्यांना चांगल्यातला वायरलेस आणला होता, बाहेरचा आवाज बंद करणारा. दोन दिवस लावला आणि परत पेटीत ठेवून दिला. म्हणाले, "ह्यात गाणारा माझ्या डोक्यात येऊन बसतोय. गाणारा समोर बसाय पायजे." आप्पा आता अडुसष्ट वर्षांचे आहेत, त्यांची सवय मला मोडायची नाही.

तर विचारायचं हे की ड्रायव्हर खरंच गेलाय का हे घरच्या घरी कसं ओळखायचं? गेला असेल तर मिळतो का? आणि तो झर्र आवाज कसला? शिवाय कानाच्या गाद्या चपट्या झाल्यात, आतला फोम हाताला लागला की काजळीसारखा निघतोय, त्याचं काय करू?

तीनशे_ओहम (पुणे)

भाऊ, आधी शांत व्हा. माझ्या अंदाजानं तुमचा ड्रायव्हर ठणठणीत आहे.

एचडी 600 हा 300 ओहमचा हेडफोन आहे (विजेला होणारा अडथळा ओहममध्ये मोजतात). दुकानात रोज येतात ते 32 ओहमचे हेडफोन आणि 4 नाहीतर 8 ओहमचे स्पीकर, त्यामुळं त्या माणसाचं मीटर बहुतेक 200 च्या रेंजवरच असणार. 200 च्या रेंजवर 300 ओहम मोजायला गेलं तर मीटर नुसतं 1 दाखवून गप्प बसतं आणि बघणाऱ्याला वाटतं कॉइल तुटली. त्यानं उजवी बाजू मोजली असती तर तीही "ओपन" दिसली असती. मीटर 2000 च्या रेंजवर ठेवा, दोन्ही वायरी काढा आणि कानाच्या खालच्या सॉकेटमधल्या दोन भोकांवर मोजा. तीनशेच्या आसपास आकडा आला की कॉइल शाबूत.

त्याच्याही आधीची परीक्षा फुकट आहे. ह्या हेडफोनमध्ये डोक्यावरच्या पट्टीतून वायर जातच नाही, दोन्ही कानांना खालून वेगवेगळी वायर येते आणि दोन्ही निघतात. डावीकडची उजव्याला लावा, उजवीकडची डाव्याला. बिघाड वायरीबरोबर दुसऱ्या कानाला गेला तर दोष वायरीत. बिघाड डाव्यातच राहिला तर सॉकेट किंवा ड्रायव्हर. काढताना कनेक्टरलाच धरा आणि सरळ खाली ओढा. लावताना बघा, दोन पिनांपैकी एक जाड आहे आणि एक बारीक, ती एकाच बाजूनं बसते, जबरदस्ती करू नका.

झर्र आवाजाबद्दल माझी पैज आहे की आत केस पडलाय. गाद्या नुसत्या खटक्यावर बसवलेल्या असतात, एका कडेनं हळू उचलली की निघते. मग फोमची चकती काढा आणि चांगल्या उजेडात बघा. चिमट्यानं काढायचा. व्हॅक्यूम लावू नका आणि हवा मारू नका, ड्रायव्हरचा पडदा फार नाजूक असतो, ताणला गेला तर मग खरंच ड्रायव्हर जाईल.

ह्या हेडफोनवर माणसं इतकी वर्षं जीव लावून आहेत त्याचं कारण हेच आहे हो. गादी, फोम, वायर, जाळी, डोक्यावरची पट्टी, अगदी ड्रायव्हरसुद्धा, सगळं सोल्डर न करता सुटं होतं. आवाज तर आहेच, माणसाचा गळा जसा आहे तसा येतो, उगाच ढम्म नाही आणि किरकिर नाही. पण नुसता आवाज चांगला असलेली पुष्कळ मॉडेलं आली आणि गेली, कारण दोन वर्षांनी त्यांची गादी मिळत नाही.

खडकवासला

एक विचारू का, एचडी 600 नवा अजून मिळतो. मग एवढी खटपट कशाला? जुनाच राहिला पाहिजे असं काही आहे का? वाईट हेतूनं नाही विचारत.

तीनशे_ओहम (पुणे)

@खडकवासला, प्रश्न बरोबर आहे, पण वायर आणि गाद्या बदलायला नव्याच्या किमतीचा छोटासा भाग लागतो. आणि नवा अजून मिळतो म्हणूनच जुन्याचे पार्ट मिळतात. 2022 ला सेनहायझरचा घरगुती हेडफोनचा धंदा स्वित्झर्लंडच्या सोनोव्हाकडे गेला तेव्हा आम्हा सगळ्यांना धाकधूक होती की हे मॉडेल बंद करतात की काय. चालू ठेवलं, बरं झालं.

मोगरा_दुपारचा (ठाणे)

माझा 650 आहे, 600 चा धाकटा भाऊ, तो 2003 ला आला. गाद्या आणि फोम मी स्वतः बदलले, अर्धा तास लागला. गाद्या दोघांच्या एकच बसतात. फक्त लेदरसारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या कंपनीच्या गाद्या घेऊ नका, मूळ गादी मखमली कापडाची आहे आणि ती बदलली की आवाज बदलतो. मी आधी ती चूक केली होती, चार दिवस वाटत होतं की गाणारीला सर्दी झालीय. आणि चपट्या झालेल्या गाद्यांमुळंही फरक पडतो, कारण ड्रायव्हर कानाच्या जवळ येतो. आप्पांना नवीन गाद्या घातल्यावर पहिले काही दिवस डोक्याला जरा घट्ट वाटेल, त्यांना आधीच सांगून ठेवा.

गंगावेश

भावा, कुंभार गल्ली म्हणजे माझ्यापासून दहा मिनिटं. माझ्याकडं पण 650 हाय, वायर सेम बसते. रविवारी वायर, मीटर आणि चिमटा घेऊन येतो, तू फक्त चहा ठेव. सांडग्याच्या डब्याचं वाचून घरात सगळ्यांना वाचून दाखवलं बघ. आमच्याकडं 2019 ला टीव्ही गेला, फ्रीज गेला, पण माणसं आधी काय उचलतात त्यावरनं कळतंय.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी जे झालं ते सविस्तर लिहितो, पुढं कुणाला उपयोग होईल.

गंगावेश सकाळी दहाला आले. आधी वायरी उलट्या लावून बघितल्या. डावा कान व्यवस्थित वाजायला लागला आणि उजवा जायला लागला! म्हणजे वायरच. मग मीटर 2000 वर ठेवून मोजलं, दोन्ही बाजू तीनशेच्या आसपास, चार-पाच ओहमचा फरक. मुद्दाम 200 च्या रेंजवर पण लावून बघितलं, नुसता 1, दोन्ही बाजूंना. तीनशे_ओहम, तुम्ही सांगितलं अगदी तसंच. डाव्या वायरीचा कनेक्टर जिथं वायरीला जोडलाय तिथं बोटानं जरा वाकवलं की जातं, सोडलं की येतं, आतली तार तुटत आली असावी. पिनाही काळ्या पडल्या होत्या, आमच्या गल्लीत जुलै-ऑगस्टला कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत तिथं पिनांचं काय घेऊन बसलात.

मग उजवी गादी काढली. फोम हातातच भुगा झाला, टेबलावर पांढरा कागद अंथरला होता म्हणून बरं. आत ड्रायव्हरच्या समोर प्लास्टिकची जाळी आहे, तिच्या एका भोकातून वाकडा होऊन आत गेलेला एक केस. पांढरा, नखाएवढा, टोकाशी जरा वळलेला. टॉर्च तिरपी धरल्याशिवाय दिसत नव्हता. गंगावेशनी श्वास रोखून चिमट्यानं काढला आणि कागदावर ठेवला. आप्पा चष्मा लावून बराच वेळ बघत होते. मग आईला हाक मारून दाखवला, "वहिनी, एवढ्याशानं खर्ज बिघडवला हुता."

गंगावेशची वायर लावली आणि आप्पांना दिला. फोम नाही, गादी तीच चपटी. त्यांनी मन्सूर लावले, डोळे मिटले, पाच मिनिटं कुणी काही बोललं नाही, मी खाली जमिनीवर बसलो होतो. तंबोरा मधोमध आला म्हणाले. नंतर गंगावेशना जेवायलाच थांबवून घेतलं, आता गंगावेश म्हणतात नवी वायर येईपर्यंत ही इथंच राहू दे.

पण त्यांना त्यांच्या 650 शिवाय ठेवणं मला बरं वाटत नाही, तेव्हा शेवटची मदत. मूळची 3 मीटरची वायर हवी आहे, तेवढीच लांब, कारण अँप एका भिंतीला आणि खुर्ची खिडकीपाशी, आखूड घेतली तर आप्पांची जागा हलवावी लागेल. गाद्यांची जोडी आणि फोमच्या चकत्याही. ऑनलाइन दिसतात त्यातल्या बऱ्याच हुबेहूब नकली वाटतायत. पुण्या-मुंबईत कुणी स्वतः खात्रीनं घेतल्या असतील तर कळवा, आणि येत्या पंधरवड्यात कुणी कोल्हापूरला येणार असेल तर पैसे आधी पाठवतो, स्टँडवर येऊन घेऊन जातो.