मदत हवी आहे: यादीतल्या शेवटच्या ‘अँड’आधी स्वल्पविराम द्यायचा की नाही?

एका उपकरणाची इंग्रजी माहितीपुस्तिका आम्ही दोघं मिळून तपासतोय. ‘अँड’आधीचा स्वल्पविराम मी काढते, सहकारी तो परत घालतो. ग्राहकाची अट एकच, स्पेलिंग ब्रिटिश हवं. विरामचिन्हांबद्दल विचारलं तर ‘तुम्हीच ठरवा’ (म्हणजे भांडा!).

शिकागो मॅन्युअल (अमेरिकी पुस्तकांसाठीची लेखननियमावली) तो द्यायला सांगतं, एपी स्टाइलबुक (अमेरिकी वृत्तसंस्थेची नियमावली) साध्या यादीत नको म्हणतं. ब्रिटिश लेखनात सहसा नसतो म्हणावं, तर ‘ऑक्सफर्ड कॉमा’ म्हणून ऑक्सफर्डच्या नावानेच तो ओळखला जातो. वर्डमधली तपासणी चालू करून पाहिली, ती सरसकट सगळीकडेच मागते.

सहकारी सारखा अमेरिकेतल्या मेन राज्याचा २०१७ चा निकाल पुढे करतो. कायद्यातल्या यादीत हा स्वल्पविराम नव्हता, म्हणून ओव्हरटाइमच्या वादात कोर्टाने दूधगाड्यांच्या चालकांच्या बाजूने कौल दिला. खरंय, पण आमची पुस्तिका म्हणजे कायदा नव्हे. आणि वाक्यं बदलायची मुभा नाही, मजकूर मंजूर झालाय. फक्त विरामचिन्हं आमच्या हातात आहेत.

तांत्रिक मजकूर तपासणाऱ्यांनी सांगा: ब्रिटिश स्पेलिंगसोबत हा स्वल्पविराम सगळीकडे ठेवलेला खटकतो का? की अर्थाचा घोळ होईल तिथेच द्यावा, आणि तसं केलं तर वाचणाऱ्याला ती विसंगती वाटते का?