चार चाकांना तीन प्रकारचे टायर : पावसात घाट उतरताना गाडीची मागची बाजू का सरकते?

जांबोटीवाट (खानापूर)

नमस्कार. माझ्याकडे जुनी स्विफ्ट असून तिच्या टायरांचे माप १६५/८० आर १४ आहे. उन्हाळ्यात पुढचे दोन्ही टायर नवे बसवले. मागे डावीकडे गाडीसोबत आलेला टायर अजून आहे आणि उजवीकडे दुसऱ्याच कंपनीचा, वापरलेला टायर आहे, कारण मूळ टायरची बाजू फाटल्यावर तेवढ्यापुरता तोच मिळाला होता. माप चारही टायरांचे एकच आहे. बेळगावला जाता-येता किंवा हायवेने धारवाडकडे जाताना कोरड्या रस्त्यावर वेगळे काही जाणवत नाही. मात्र पाऊस लागल्यापासून कणकुंबीच्या पुढे चोर्ला घाट उतरताना वळणावर ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की गाडीची मागची बाजू बाहेर सरकते. शिवाय ब्रेक जोरात दाबला की गाडी किंचित डावीकडे ओढते.

टायरवाल्याचे म्हणणे असे की माप एक असल्यावर कंपनी कोणतीही चालते. हे खरे आहे का? चारही टायर एकदम बदलणे सध्या शक्य नाही, तेव्हा दोनच घ्यायचे झाल्यास ते कोठे बसवावेत?

उद्यमबागकर (बेळगाव)

मी अलाइनमेंटच्या, म्हणजे चाकांचे कोन जुळवण्याच्या कामात आहे, त्यामुळे हा प्रश्न पावसाळ्यात वारंवार ऐकतो. टायरवाल्याचे म्हणणे अर्धेच बरोबर आहे. आपण दिलेल्या मापातून रुंदी १६५ मिलिमीटर, बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ८० टक्के, बांधणी रेडियल आणि रिमचा व्यास १४ इंच, इतकेच कळते. रबर मऊ आहे की कडक, नक्षीच्या खाचा पाणी कोणत्या दिशेने आणि किती वेगाने बाहेर टाकतात, भिंत वळणावर किती दबते, यांपैकी एकही गोष्ट त्या आकड्यांत नसते, आणि गाडी ओल्या वळणावर कशी वागेल हे बऱ्याच अंशी याच गोष्टींवर ठरते.

एकाच ॲक्सलवर (पुढच्या किंवा मागच्या जोडीच्या आसावर) डावा आणि उजवा टायर वेगळा असणे हे सर्वांत वाईट. वळताना गाडीचा भार बाहेरच्या चाकांवर जातो. म्हणजे डाव्या वळणावर आपला मागचा उजवा, वापरलेला टायर भार घेतो आणि उजव्या वळणावर मूळचा डावा टायर. त्यामुळे एकच गाडी दोन वळणांवर दोन गाड्यांसारखी वागते, आणि चालवणाऱ्याच्या हाताला तिचा अंदाज येत नाही. आपली गाडी कोणत्या वळणावर जास्त सरकते ते आठवून पाहा. डाव्या वळणावर असेल तर उजव्या टायरवर संशय घ्यायला पुरेसे कारण आहे.

टायरच्या भिंतीवर डीओटी या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. २३१९ असे असेल तर तो टायर २०१९ सालच्या २३व्या आठवड्यात तयार झाला. हे आकडे काही वेळा फक्त आतल्या बाजूच्या भिंतीवर असतात, तेव्हा चाकाखाली वाकून, हाताने चिखल पुसून पाहावे लागते. वापरलेल्या टायरची नक्षी खोल दिसली तरी जुने रबर कडक होते, आणि कडक रबर ओल्या डांबराला धरत नाही.

त्यानंतर तळहात टायरच्या पृष्ठभागावरून आडवा, आतून बाहेर आणि मग बाहेरून आत फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने कडा बोचल्यासारख्या लागल्या, तर तो टायर चाकाचा टो (चाकाचे तोंड आत वा बाहेर वळलेले असण्याचा कोन) बिघडलेल्या गाडीवर बराच काळ पळालेला आहे. वापरलेला टायर घेताना ही खूण हमखास पाहावी. दुकानदार टायर काळा पॉलिश मारून ठेवतो, पण या कडा पॉलिशने जात नाहीत.

तवंदीचा_चढ (निपाणी)

माझे मत थोडे वेगळे आहे. स्विफ्टची पुढची चाकेच गाडी ओढतात, तीच वळतात आणि ब्रेकचा मोठा वाटाही तीच घेतात. मग चांगले टायर पुढे असणेच शहाणपणाचे नव्हे काय? मागची चाके नुसती पाठोपाठ येतात. आमच्याकडे सगळेजण नवी जोडी पुढेच बसवतात. त्यामुळे प्रश्नकर्त्यांनी पुढची जोडी तशीच ठेवून मागे एखादा बरा टायर शोधावा, असे मला वाटते.

यंत्रशाळा (टिळकवाडी)

तवंदीकरांचा युक्तिवाद पहिल्यांदा ऐकताना पटतो आणि झीज लवकर कोठे होते एवढाच प्रश्न असता तर तो बरोबरही ठरला असता. पण प्रश्न असा आहे की पकड सुटायचीच असेल, तर आधी कोणत्या चाकांची सुटलेली परवडते.

पुढच्या चाकांची पकड आधी सुटली तर गाडी वळणापेक्षा सरळ जाऊ पाहते. ते धोक्याचे असले तरी चालकाला स्टिअरिंग हलके झाल्याचे जाणवते, तो आपसूक ॲक्सिलरेटर सोडतो, भार पुढे येतो आणि पकड बहुधा परत मिळते. मागच्या चाकांची पकड आधी सुटली तर गाडी स्वतःभोवती फिरू लागते, आणि तेथे ॲक्सिलरेटर सोडण्याची हीच स्वाभाविक प्रतिक्रिया आगीत तेल ओतते, कारण मागच्या चाकांवरचा उरलासुरला भारही पुढे निघून जातो. उलट दिशेने स्टिअरिंग देऊन अशी गाडी सावरणे सरावाच्या चालकालाही अरुंद घाटात साधेलच असे नाही. म्हणूनच टायर तयार करणाऱ्या कंपन्या, गाडी कोणत्याही चाकांनी ओढली जात असो, जास्त नक्षी असलेली जोडी मागे बसवायला सांगतात.

चोर्ला घाटात हे सर्व एकत्र येते. गोव्याकडे उतरताना उतारामुळेच गाडीचा भार आधीपासून पुढे झुकलेला असतो, ब्रेक लावल्यावर तो आणखी पुढे जातो, रस्त्यावर पाण्याचे पाट आणि जांभ्या मातीचा राडा असतो, आणि अशा वेळी पुढे खोल नक्षीचे नवे टायर व मागे जुने अशी जुळणी असते. पुढची चाके पाणी कापून वळण घेतात, त्यामुळे चालकाला रस्ता आहे त्याहून चांगला वाटतो. मागची चाके मात्र त्याच पाण्यावर तरंगू लागतात. प्रश्नकर्त्यांनी जे वर्णन केले आहे ते नेमके हेच आहे.

केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार कारच्या टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर असावी लागते. खाचांच्या तळाशी असलेली आडवी उंचवटी नक्षीच्या पातळीला आली की ही मर्यादा संपली असे समजावे. पण ती कायद्याची मर्यादा आहे. कणकुंबीच्या पावसात २ मिलिमीटरवर आलेला टायर कायदेशीर असूनही निरुपयोगी असतो. ३ मिलिमीटरच्या खाली गेल्यावर मी पावसाळ्यापूर्वी तो बदलतो. आणि निपाणी-चिकोडी भागात हा प्रश्न पावसाळ्यापुरताही नाही. उसाच्या हंगामात ट्रॅक्टर रानातली माती चाकांसोबत रस्त्यावर आणतात आणि सकाळच्या दवाने ती ओली होते, याचा अनुभव तवंदीकरांना असणारच.

शिवारजीप (हुक्केरी)

विषयाला धरूनच विचारतो. शेतीच्या कामाला जुनी फोर बाय फोर जीप आहे. पुढे एका मापाचे आणि मागे थोड्या मोठ्या मापाचे टायर चालतील काय?

यंत्रशाळा (टिळकवाडी)

नाही. जुन्या जीपमध्ये फोर बाय फोर लावल्यावर पुढचा आणि मागचा प्रॉपेलर शाफ्ट (ॲक्सलपर्यंत ताकद नेणारे दांडे) एकमेकांना जखडले जातात, त्यामुळे दोन्ही ॲक्सलांना सारख्याच फेऱ्या घ्याव्या लागतात. व्यास वेगळे असले की कोठेतरी टायर घसरावा लागतो किंवा सगळा ताण ट्रान्सफर केसवर, म्हणजे ताकद पुढे-मागे वाटणाऱ्या गिअरपेटीवर येतो.

फरक किती पडतो ते स्विफ्टच्याच मापावरून पाहा. १६५/८० आर १४ चा व्यास हिशेबाने सुमारे ६२० मिलिमीटर येतो आणि १८५/६५ आर १४ चा ५९६. रिम तेच, टायर रुंद, म्हणून लोक बेधडक बदलतात, पण लहान टायर एका किलोमीटरला सुमारे २० फेऱ्या जास्त घेतो. एकाच ॲक्सलवर अशी जोडी लागली तर डिफरन्शियलचे (डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या यंत्रणेचे) आतले गिअर सरळ रस्त्यावरही अखंड फिरत राहतात, आणि एबीएस (ब्रेक लावताना चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत चाकांच्या वेगाची तुलनाच बिघडते.

जांबोटीवाट (खानापूर)

सर्वांचे आभार. आज टायर पाहिले. मागच्या उजव्या टायरवर ३११५ असे आकडे आहेत, नक्षी चांगली जाड आहे, पण नख दाबले तरी उमटत नाही. डाव्या टायरची नक्षी उंचवटीच्या अगदी जवळ आली आहे. गाडी डाव्या वळणावरच जास्त सरकते, हेही खरे निघाले. आता नवी जोडी मागे बसवतो. ब्रेक दाबल्यावर डावीकडे ओढण्याचे कारणही टायरच असेल काय?

उद्यमबागकर (बेळगाव)

२०१५ सालचा टायर स्टेपनी म्हणूनही ठेवू नका. नवी जोडी आपल्या पुढच्या जोडीच्याच कंपनीची आणि त्याच नक्षीची मिळाली तर उत्तम; निदान मागचे दोन तरी एकमेकांचे जुळे असावेत.

ओढण्याबाबत : थंड टायरांत हवा गाडीच्या दारावर चिकटवलेल्या, हवेचा दाब सांगणाऱ्या पट्टीप्रमाणे भरून, पुढचे दोन टायर डावे-उजवे आपसात बदला. भिंतीवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर मात्र बदलू नका. त्यानंतर गाडी उजवीकडे ओढू लागली तर दोष टायरचा, डावीकडेच ओढत राहिली तर ब्रेक किंवा अलाइनमेंटचा. आपले रस्ते पाणी निघून जाण्यासाठी डावीकडे उतरते असतात, त्यामुळे ही चाचणी सपाट जागी, मागेपुढे वाहन नसताना घ्यावी. फक्त ब्रेक दाबल्यावरच ओढत असल्यामुळे माझा पहिला संशय पुढच्या उजव्या कॅलिपरवर, म्हणजे ब्रेकची डिस्क आवळणाऱ्या भागावर आहे. त्याची पिन जाम झाली असेल तर ते चाक कमी ब्रेक घेते. नवे टायर बसवायला याल तेव्हा चाक उतरलेलेच असेल, तेवढ्यात पिन हाताने सरकवून पाहायला सांगा.