कोणी मरत नाही, तरी आवंढा येतोच

काही जण म्हणतात की मांगातल्या (जपानी कॉमिक्समधल्या) पात्रांवर इतकी संकटं कोसळतात, म्हणून वाचकाला रडू येतं. अर्धंच पटलं. ताकेहिको इनोऊएचं 'स्लॅम डंक' (१९९०-९६) घ्या. शाळकरी पोरांचं बास्केटबॉल, कोणी मरत नाही, तरी सान्नो या शाळेच्या संघाविरुद्धच्या मॅचला आवंढा येतोच. तिची शेवटची पानं जवळपास मुकी आहेत. संवाद नाहीत, आरडाओरडा नाही, नुसते चेहरे, घाम आणि घड्याळ. पहिल्यांदा वाचताना कोण जिंकतंय या घाईत आपण ती भराभर उलटतो. दुसऱ्यांदा निकाल माहीत असतो, मग एकेका चौकटीवर नजर रेंगाळते. एकाच संघात असून एकमेकांना पाण्यात पाहणारे साकुरागी आणि रुकावा कडकडून टाळी देतात आणि भानावर येताच तोंड फिरवतात (हसावं की रडावं!).

आणि एवढं करून पुढच्याच मॅचला हा संघ सपाटून हरतो, तेही इनोऊए जाता जाता सांगून मोकळा होतो. १९९३ च्या टीव्ही मालिकेत सान्नोची मॅच नाहीच. ती पडद्यावर यायला २०२२ चा सिनेमा उजाडावा लागला. फक्त मालिका पाहिली असेल तर शेवटचे खंड वाचाच.