कुणकेश्वरच्या दीपोत्सवाला लहान मुले आणि आजींसह जायचे आहे. कोणती पूर्वतयारी करावी?

कोथरूडची सून:

नमस्कार. यंदा अधिक ज्येष्ठ आल्यामुळे पुढचे सगळे सण लांबले असून त्रिपुरारी पौर्णिमा 24 नोव्हेंबर 2026 रोजी, मंगळवारी येत आहे. त्या संध्याकाळी देवगडजवळच्या, समुद्रकाठच्या कुणकेश्वर मंदिराच्या दीपोत्सवाला जावे, असे आमच्या घरी ठरले आहे. आम्ही दोघे, नऊ वर्षांचा मुलगा, चार वर्षांची मुलगी आणि गुडघ्यांच्या दुखण्याने त्रस्त असलेल्या सासूबाई असे पाच जण आहोत. मुक्काम देवगडात एका घरगुती निवासात असून गाडी स्वतःची आहे. महाशिवरात्रीला तिथे केवढी यात्रा भरते ते ऐकून माहीत आहे, परंतु त्रिपुराच्या रात्रीचा अनुभव आमच्यापैकी कोणालाच नाही.

मंदिरात किती वाजेपर्यंत पोहोचावे, मुलांना स्वतःच्या हाताने पणत्या लावू द्याव्यात का आणि सासूबाईंची गैरसोय होऊ नये म्हणून काय करावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे. मुलाने सुट्टीत बसून दोन डझन पणत्या रंगवून ठेवल्या आहेत आणि त्या तिथेच लावायच्या, असा त्याचा हट्ट आहे. दिवे लावून झाल्यावर मंदिराशेजारच्या पुळणीवर (वाळूच्या किनाऱ्यावर) चादर अंथरून डबा खावा आणि चंद्र पाहत बसावे, असाही आमचा बेत आहे.

देवगडचा बागायतदार:

ताई, तुमच्या बेतातील शेवटच्या वाक्याबद्दल आधी लिहितो, कारण बाहेरून येणारी मंडळी नेमकी तिथेच फसतात. पौर्णिमेला समुद्राला उधाण असते, एवढे सर्वांना ठाऊक असते. पण त्या दिवशी संध्याकाळी तुम्ही पुळणीवर उतराल तेव्हा पाणी पार लांब गेलेले दिसेल आणि समोर मैदानासारखी कडक, ओली वाळू पसरलेली असेल. आमच्याकडे भरतीची वेळ काढण्याची जुनी रीत अशी आहे की तिथीच्या आकड्याला तीनने गुणावे आणि चाराने भागावे. पौर्णिमेचे पंधरा धरले तर सव्वाअकरा येतात, म्हणजे सकाळी आणि रात्री सव्वाअकराच्या आगेमागे पूर्ण भरती, आणि तिच्या सहा तास आधी, संध्याकाळी सव्वापाचच्या सुमारास पूर्ण ओहोटी. ओहोटीनंतर पहिला तासभर पाणी फारसे हललेले जाणवत नाही. तिसऱ्या आणि चौथ्या तासात मात्र ते सर्वांत वेगाने चढते. तुमच्या हिशेबाने हे तास सव्वासात ते सव्वानऊ असे पडतात, म्हणजे आरती होऊन, पणत्या लावून, डबा उघडून तुम्ही निवांत बसलेले असाल नेमकी तीच वेळ. किनारा सपाट असल्यामुळे पाणी उंचीने थोडे चढले तरी आत मात्र बरेच येते, आणि उधाणाच्या दिवशी ते रोजच्या खुणेपेक्षा वर येते.

म्हणून बसायचे असेल तर वाळूत वाळलेला कचरा, काटक्या आणि शंख-शिंपल्यांची जी ओळ दिसते, तिच्या वरच्या अंगाला बसावे. ती ओळ म्हणजे आधीच्या भरतीची हद्द असते. मुलांना ओल्या वाळूत खेळू द्यायचे असेल तर सूर्यास्तापूर्वीच काय ते खेळू द्यावे; अंधार पडल्यावर गुडघाभर पाण्यातही उतरू देऊ नये. गाडी तर कोणत्याही परिस्थितीत पुळणीवर उतरवू नये. संध्याकाळी पुढच्या चार गाड्या उभ्या दिसतात म्हणून पाचवा माणूसही आपली गाडी नेऊन लावतो, आणि रात्री नऊ वाजता रुतलेली चाके काढण्यासाठी दोरखंड आणि ट्रॅक्टर शोधत फिरतो. स्वयंसेवक किंवा पोलीस दाखवतील त्याच जागी, तोंड रस्त्याकडे करून गाडी लावावी, मग ती जागा मंदिरापासून कितीही लांब असो. सासूबाईंना आधी मंदिराजवळ उतरवून सोबत एकाने थांबावे आणि दुसऱ्याने गाडी लावून यावे.

आता वेळेविषयी. त्रिपूर प्रदोषकाळी, म्हणजे सूर्यास्तानंतर पेटवतात आणि त्या दिवसांत आमच्याकडे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. नेमका कार्यक्रम दरवर्षी थोडा बदलतो, म्हणून आदल्या दिवशी देवस्थानाच्या कार्यालयात चौकशी करावी. माझ्या मते तुम्ही साडेचार-पाचपर्यंत पोहोचावे. उजेडात दर्शन उरकते, मुलांना आवार ओळखीचे होते, ओहोटीची पुळण पाहता येते, आणि सूर्य पश्चिमेला समुद्रात बुडत असताना पाठीमागच्या डोंगरावरून चंद्र वर येतो, तो योग पौर्णिमेलाच साधतो. ताई, इथे एक लक्षात घ्या: आमचा समुद्र पश्चिमेला आहे, त्यामुळे चंद्रोदय पाहायचा तर समुद्राकडे पाठ करावी लागते. चंद्र पाण्यावर उतरलेला पाहायचा असेल तर पहाटे उठावे लागेल.

वाऱ्याचे गणितही सांगून ठेवतो. दुपारभर समुद्रावरून येणारा खारा वारा सूर्य मावळला की एकदम थांबत नाही, तो हळूहळू मंदावत जातो. त्यामुळे साडेसहाला लावलेल्या पणत्या भराभर विझतात आणि मुले हिरमुसतात. त्याच पणत्या साडेसातला लावल्या तर शांतपणे तेवतात, कारण जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा मतलई वारा सुटेपर्यंत मध्ये बराच वेळ हवा पडलेली असते. पहिल्या झपाट्यात सगळे तेल आणि सगळ्या वाती संपवू नयेत. गडग्याच्या किंवा ओट्याच्या आडोशाची जागा निवडावी आणि पणती नुसत्या दगडावर न ठेवता मूठभर वाळूवर टेकवावी, म्हणजे ती डुगडुगत नाही आणि सांडलेले तेलही वाळूतच मुरते.

रंगवलेल्या पणत्यांबद्दल म्हणाल तर कोरी पणती एरवी काही तास पाण्यात भिजवून, वाळवून मगच वापरतात, नाहीतर ती तेल पिते. तुमच्या मुलाच्या पणत्या भिजवल्या तर रंग जाईल, तेव्हा त्या तशाच ठेवाव्यात आणि थोडे जास्त तेल बरोबर घ्यावे. मात्र आतल्या बाजूला आणि वात टेकते त्या चोचीला रंग लागला असेल तर तेवढा खरवडून काढावा, कारण तो जळून धूर करतो. वाती घरूनच गोडेतेलात भिजवून झाकणाच्या डब्यात आणाव्यात. तेलाला लांब वातच बरी. फुलवात तुपासाठी ठेवावी. खोबरेल मात्र आणू नये, कारण थंडी पडली असेल तर ते बाटलीतच गोठते. (आमच्या आजोबांच्या वेळी या कामाला उंडीचे कडू तेल असे. ते आता औषधालाही सहज मिळत नाही आणि त्याचा वास तुमच्या मुलांना सोसणारही नाही.)

रात्रपाळीची परिचारिका:

वरील उत्तर वाचून समाधान वाटले. मी भाजण्यापुरतेच लिहिते.

दीपोत्सवात मुले भाजतात ती बहुतेक वेळा स्वतः लावत असलेल्या दिव्याने नव्हे, तर पाठीमागे ठेवलेल्या दिव्याने. मूल पुढची पणती लावण्यासाठी खाली बसते आणि त्याचा घेर, ओढणी किंवा कुडत्याची लांब बाही मागच्या ज्योतीवर जाते. म्हणून चार वर्षांच्या मुलीला नायलॉनचा घेरदार फ्रॉक किंवा जरीचे परकर-पोलके घालण्याचा मोह टाळावा आणि सुती, अंगाबरोबर बसणारे कपडे घालावेत. केस घट्ट बांधावेत. दिवे नेहमी मागे सरकत लावावेत, म्हणजे पेटलेले दिवे सतत समोर राहतात. धाकटीने पणती धरायची नाही. तिने वात ठेवायची आणि मोठ्यांनी ती पेटवायची. मुलाला काडेपेटी देऊ नये. त्याच्या हाती लांब उदबत्ती द्यावी, तिने वात सावकाश का होईना, पेटते आणि बोटे ज्योतीपासून लांब राहतात. उदबत्तीने पेटत नसेल तर तुम्ही एक दिवा लावावा आणि त्याने लांब काडीने त्यावरून पुढचे लावावेत.

देवळात अनवाणी फिरावे लागते आणि फरशीवर तेल सांडलेले असते, त्यात दव पडले की दगड विलक्षण निसरडे होतात. सासूबाईंच्या दृष्टीने मला ज्योतीपेक्षा याच गोष्टीची अधिक काळजी वाटते. त्यांनी दर्शन उजेडातच करून घ्यावे आणि दिवे लागल्यानंतर एका जागी बसावे. पायऱ्या उतरताना त्यांच्या एका हाताला माणूस आणि दुसऱ्या हातात काठी असावी. नातवाचा हात हा आधार नव्हे.

भाजलेच तर त्या जागी ताबडतोब साधे, वाहते पाणी वीस मिनिटे सोडावे. देवळाच्या आवारात नळाला गर्दी असू शकते, म्हणून पिण्याच्या पाण्याव्यतिरिक्त पाण्याचा एक पाच लिटरचा कॅन गाडीत न ठेवता हाताशी ठेवावा. हातात अंगठी, कडे किंवा बांगडी असेल तर सूज येण्यापूर्वी काढावी. टूथपेस्ट, हळद, शाई, बर्फ यांपैकी काहीही लावू नये आणि फोड फोडू नये. चेहरा, तळहात किंवा सांधा भाजला असेल, अथवा कापड कातडीला चिकटले असेल, तर ते ओढून न काढता 108 क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी.

गर्दीत मोबाईलला रेंज मिळेलच असे नाही. मुलीच्या मनगटावर बॉलपेनने तुमचा क्रमांक लिहावा आणि मुलाला चुकामूक झाल्यास कुठे येऊन थांबायचे ती जागा उजेडातच दाखवून ठेवावी. दीपमाळेजवळ भेटायचे असे ठरवू नका, कारण त्या रात्री सगळे तिथेच असतात.

कोथरूडची सून:

दोघांचेही मनापासून आभार. पुळणीवर डबा खाण्याचा बेत आता बदलला आहे. डबा निवासावर परत येऊनच खाऊ आणि मुलांना निघण्यापूर्वी भरपेट खाऊ घालू. आणखी एक विचारायचे होते. मुलाला आकाशकंदिलासारखे वर उडणारे कागदी दिवे सोडायचे आहेत आणि पाण्यात सोडण्यासाठी द्रोणातले दिवेही आम्ही पुण्याहून आणणार होतो. तिथे ते चालेल का?

देवगडचा बागायतदार:

उडते दिवे कृपया आणू नयेत. नोव्हेंबरात भातकापणी होऊन खळ्यांत भाताच्या उडव्या आणि घरामागे गवताच्या गंजी रचलेल्या असतात, आणि कातळावरचे गवत वाळून पिवळे पडलेले असते. तो दिवा कुठे उतरेल हे सोडणाऱ्याच्या हातात नसते. रात्री वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो खरा, पण तो सुटेपर्यंत दिवा हवेने नेईल तिकडे जातो आणि खाली आमच्या आंब्याच्या बागा आहेत. वर्षभराची वैरण एका कागदी दिव्याने गेली तर ती कोणाकडे मागायची?

द्रोणातल्या दिव्यांना माझा विरोध नाही, परंतु समुद्रात ते निरर्थक आहेत. पहिल्याच लाटेत ते विझतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुळणीवर परत येऊन पडतात. दिवे पाण्यात सोडायची फारच हौस असेल तर ते तळ्यात किंवा शांत पाण्याच्या पाणवठ्यावर, तिथल्या माणसांना विचारून सोडावेत, आणि तेही केळीच्या सोपटाचे किंवा पानांच्या द्रोणाचे असावेत. थर्माकोल आणि चमकीचा कागद नको.

कासवांचा शेजारी:

वरच्या मुद्द्याला थोडी जोड देतो. नोव्हेंबर-डिसेंबरपासून ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या आपल्या किनाऱ्यावर रात्री अंडी घालण्यासाठी येऊ लागतात. वेळास, आंजर्ले, गुहागर ही नावे सर्वांना माहीत असतात, पण सिंधुदुर्गातल्या अनेक पुळणींवरही घरटी सापडतात. माणसांची वर्दळ आणि प्रखर उजेड दिसला तर मादी अंडी न घालताच मागे फिरते. देवळाच्या आवारातील पणत्यांची गोष्ट वेगळी. मात्र देवळापासून दूर, निर्जन पुळणीवर मोबाईलची विजेरी किंवा गाडीचे दिवे मारत फिरू नये. फटाके तर नकोतच.

गुहागरी:

चार वर्षांच्या मुलीला रात्रीच्या गर्दीत नेऊच नये, असे माझे मत होते. वरील सूचना पाळणार असाल तर माझी हरकत नाही. मात्र आठ वाजता निघण्याचे आधीच ठरवून ठेवा. आठनंतर परतणाऱ्या गाड्या एकदम बाहेर पडतात, रस्ता अरुंद आणि वळणांचा आहे, आणि पेंगुळलेले मूल खांद्यावर घेऊन लांब लावलेल्या गाडीपर्यंत चालणे कोणालाच सुखाचे नसते. गाडीत सासूबाईंसाठी शाल आणि मुलीसाठी कानटोपी ठेवा, कारण दव पडू लागले की गारठा जाणवतो. घडीची हलकी खुर्ची आणायला विसरू नका. आवारात बसण्यासारखे कठडे असले तरी त्यांवर त्या संध्याकाळी पणत्या मांडलेल्या असतात.