मदत हवी आहे: ३३३६६७ मूळ संख्या आहे का, हे हातानं कसं ठरवायचं?

नमस्कार. माझी मुलगी आठवीत आहे. देवळालीचे गणितज्ञ द. रा. कापरेकर यांनी नाव दिलेल्या हर्षद संख्या, म्हणजे ज्यांना स्वतःच्याच अंकांच्या बेरजेनं निःशेष भाग जातो त्या, तिला कळल्या आणि तेव्हापासून दिसेल त्या आकड्याची बेरीज चालू आहे.

परवा तिनं नऊ वेळा १ लिहून त्या संख्येचा वर्ग केला. चौकटीच्या वहीत नऊ ओळी, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकलेली, आणि मधल्या उभ्या रांगेत बरोबर नऊ वेळा १. उत्तर १२३४५६७८९८७६५४३२१. हातचा कुठेच नाही! (दहा वेळा १ घेतले की मध्ये हातचा येतो आणि उतरंड मोडते: १२३४५६७९००९८७६५४३२१.) अंकांची बेरीज ८१, आणि ८१ नं भागही जातो. त्या दिवशी जेवायला उठवणं मुश्किल झालं होतं.

आता तिला या संख्येचे एकूण विभाजक मोजायचेत. १११११११११ = ३ × ३ × ३७ × ३३३६६७ इथवर आलोय. पुढे ३३३६६७ चे अवयव पडतात का? वर्गमूळ ५७७ च्या थोडं पुढे, म्हणजे १०६ मूळ संख्यांनी भागून बघायला हवं. ती २११ पर्यंत पोचली आहे, म्हणजे अजून ५९ भागाकार. संगणकावर बघायला ती तयार नाही आणि मलाही तिला तसं सांगवत नाही. काही जवळची वाट आहे का?

उत्तर:
आहे, आणि सुंदर आहे. समजा p हा ३३३६६७ चा मूळ अवयव. तो ९९९९९९९९९ (= ९ × १११११११११) लाही भागतो, म्हणून १/p च्या आवर्ती दशांशात पुन्हापुन्हा येणाऱ्या अंकांच्या गटाची लांबी ९ ला भागते, म्हणजे गट १, ३ किंवा ९ अंकी. १ किंवा ३ असेल तर p म्हणजे ३ किंवा ३७च, कारण ९९९ मध्ये दुसरा मूळ अवयव नाही. ३३३६६७ ला या दोघांनी भागलं तर बाकी १ उरते. राहिला ९ अंकी गट. गटाची लांबी नेहमी p − १ ला भागते (फर्माचं छोटं प्रमेय). p विषम, म्हणून p − १ ला १८ नं भाग जायलाच हवा. अशा मूळ संख्या ५७७ पर्यंत १७च आहेत: १९, ३७, ७३, १०९, १२७, १६३, १८१, १९९, २७१, ३०७, ३७९, ३९७, ४३३, ४८७, ५२३, ५४१, ५७७. १९९ पर्यंतच्या तिच्या झाल्याच आहेत. उरले नऊ भागाकार.

धागाकर्ती:
मनापासून आभार! आवर्ती दशांशाचा भाग तिला दोनदा समजावावा लागला, मग तिनंच १/३७ = ०.०२७०२७… काढून दाखवलं. नऊ भागाकार रात्रीच संपवले. शेवटचा ५७७ चा, बाकी १६१. ३३३६६७ मूळच आहे. म्हणजे मोठ्या संख्येत ३ चार वेळा, ३७ दोनदा, ३३३६६७ दोनदा, आणि प्रत्येकाचे पर्याय त्याहून एकानं जास्त (एकदाही न घेणं धरून), म्हणून एकूण विभाजक ५ × ३ × ३ = ४५. आता ते पंचेचाळीस ती एकेक करून लिहितेय.