गाभण गाईला तिव्यात (तीन दिवसांच्या तापात) डेक्सा, म्हणजे डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड, लावावं का? मेलॉक्सिकॅम आणि स्टेरॉइड एकत्र चालतं का?

निफाडचा_गोठा
एचएफ (होल्स्टिन फ्रिजियन) गाय, आठवा महिना चालू. कालपासून तिवा आहे. ताप १०५.५, लाळ गळतेय, मागचा पाय उचलून धरते, बसली की उठत नाही. गावात इंजेक्शन लावायला येणारे म्हणतात, मेलॉक्सिकॅम १५ मिली आणि डेक्सामेथासोन ५ मिली सोबतच लावू, संध्याकाळपर्यंत चारा खाईल. दोन्ही सूज उतरवणारीच औषधं ना? मग दोन्ही कशाला? आणि गाभणीला चालतात का?

पशुवैद्य_सिन्नर
डेक्सा अजिबात नको. आधी हे, बाकीचं नंतर वाचा.

वासरू पोटात पूर्ण वाढलं की त्याच्याच शरीरातलं कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढतं आणि त्यातून वेत सुरू होतं. डेक्सामेथासोन हे त्याच कॉर्टिसॉलचं कितीतरी जोरदार रूप. म्हणजे बाहेरून तोच इशारा दिल्यासारखं होतं. दिवस भरत आलेली गाय मुद्दाम विणवायची असेल तर आम्ही २० ते ३० मिग्रॅ देतो आणि ती साधारण एक ते तीन दिवसांत विते. तुमचं ५ मिली, म्हणजे ४ मिग्रॅ/मिलीच्या बाटलीतलं २० मिग्रॅ, याच पट्ट्यात येतं. आठव्या महिन्यात याचा अर्थ गाभ पडण्याचा धोका, वासरू जगण्याची खात्री नाही आणि वर वार अडकते. शेवटच्या तीन महिन्यांत स्टेरॉइड टाळा असं लेबलवर लिहिलेलं असतं ते याचसाठी.

आता फरक. पेशीला इजा झाली की तिच्या आवरणातून अॅरॅकिडॉनिक आम्ल सुटतं. त्यावर कॉक्स नावाचं एन्झाइम काम करतं आणि प्रोस्टाग्लँडिन तयार होतात. ताप, दुखणं, सूज यात त्यांचा मोठा हात. मेलॉक्सिकॅम कॉक्सलाच अडवतं. स्टेरॉइड त्याच्याही वर, आम्ल सुटतं तिथेच आडवं येतं, म्हणून प्रोस्टाग्लँडिनसोबत ल्युकोट्राइन ही सूज वाढवणारी दुसरी द्रव्यंही बंद. शिवाय ते पेशीच्या केंद्रात जाऊन जनुकांचं कामच बदलतं. परिणाम दिसायला काही तास लागतात आणि औषध रक्तातून गेलं तरी तो टिकतो.

"संध्याकाळी चारा खाईल" हे खोटं नाही. डेक्साने जनावर टवटवीत दिसतंच. पण पांढऱ्या पेशी रक्तातच फिरत राहतात, जखमेकडे किंवा कासेकडे जात नाहीत. रक्त तपासलं तर पेशी वाढलेल्या दिसतात आणि जिथे गरज तिथे शिपाईच नाही. दबलेला कासदाह दोन दिवसांनी वर येतो तो असा.

औषध_मोजून
मेलॉक्सिकॅमचा हिशोब बघा. डोस ०.५ मिग्रॅ प्रति किलो. ४५० किलोच्या गाईला २२५ मिग्रॅ लागतं. बाटली ५ मिग्रॅ/मिलीची असेल तर १५ मिलीत फक्त ७५ मिग्रॅ जातं, म्हणजे एक तृतीयांश. मग ताप उतरला नाही की "साधं औषध लागू पडत नाही" म्हणत स्टेरॉइडकडे वळतात. पूर्ण डोसला ४५ मिली लागेल. एवढं एकाच जागी ओतू नका, दोन-तीन ठिकाणी कातडीखाली विभागून द्या, नाहीतर डॉक्टरांनी शिरेतून द्यावं. २० मिग्रॅ/मिलीची बाटलीही मिळते, तिचं ११ मिली पुरतं. म्हणून आधी लेबल वाचा, मिली नंतर ठरवा.

वजनासाठी काटा नको. पुढच्या पायांमागून छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या हाडापर्यंत लांबी, दोन्ही इंचात. घेर × घेर × लांबी ÷ ६६० = अंदाजे किलो. घेर ७२, लांबी ६० आली तर ४७१.

पशुवैद्य_सिन्नर
बरोबर. दोन्ही एकत्र का नको तेही सांगतो. पोटाच्या अस्तराचं रक्षण आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा यांनाही प्रोस्टाग्लँडिनच लागतात. दोन औषधांनी ते दोन्हीकडून बंद केलं की चौथ्या पोटात व्रण पडू शकतो. शेण काळं, डांबरासारखं चिकट आलं तर ते रक्त आहे, लगेच डॉक्टर बोलवा. पाणी न पिणाऱ्या जनावराला तर नुसतं मेलॉक्सिकॅमही मूत्रपिंडावर भारी पडतं, आधी सलाइन.

तिव्यात गिळण्याची ताकद कमी होते. तोंडातून नळीने किंवा बाटलीने काहीही पाजू नका, फुफ्फुसात जातं. उठत नसेल तर रक्तातलं कॅल्शियम कमी झालेलं असू शकतं. कॅल्शियम शिरेतून हळूहळू, हृदयाचे ठोके ऐकत द्यायचं असतं, घरी नाही. सावलीत ठेवा आणि कूस दर काही तासांनी बदला.

निफाडचा_गोठा
म्हणजे स्टेरॉइड कधीच नको? आणि शेजारी गाईच्या डोळ्यात फूल पडलंय, त्यांच्याकडे स्टेरॉइडचे थेंब आहेत.

पशुवैद्य_सिन्नर
कधीच नको असं नाही. व्यायल्यानंतरच्या किटोसिसमध्ये (रक्तातली साखर घटून होणाऱ्या आजारात) एक डेक्सा उपयोगी पडतं, कारण ते रक्तातली साखर वाढवतं आणि दूध थोडं कमी करतं. कुत्र्याच्या खाजेला प्रेडनिसोलोन लागतं, पण आठवडे चाललेलं एकदम थांबवायचं नाही, डोस टप्प्याटप्प्याने उतरवायचा. कारण तोवर कॉर्टिसॉल बनवणाऱ्या त्याच्या स्वतःच्या ग्रंथी सुस्तावलेल्या असतात.

डोळ्याचे थेंब थांबवा. बुबुळावर व्रण असेल तर स्टेरॉइडने तो खोल जातो आणि डोळा फुटू शकतो. आधी फ्लुरोसीन नावाच्या रंगाने डोळा रंगवून बघतात. हिरवं चमकलं तर स्टेरॉइड नाही.

अंजनेरी_परिसर
औषधाच्या निवडीत एक गोष्ट नाशिककरांनी विसरू नये. मेलेलं जनावर उघड्यावर पडलं की अंजनेरी-त्र्यंबकच्या कड्यावरची गिधाडं ते खातात. डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक जनावरांसाठी २००६ मध्ये बंद झालं. माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात वापरल्या जायच्या, म्हणून २०१५ मध्ये त्या बाटलीच्या आकारावर ३ मिलीची मर्यादा आली. केटोप्रोफेन आणि अॅसिक्लोफिनॅकही २०२३ मध्ये बंद झाली. ही औषधं दिलेलं जनावर खाल्लं की गिधाडांचं मूत्रपिंड निकामी होऊन अवयवांवर युरिक आम्ल साचतं. मेलॉक्सिकॅम आणि टॉल्फेनॅमिक आम्ल त्यांना सुरक्षित ठरलंय. जुनी डायक्लोफिनॅकची बाटली कपाटात असेल तर वापरू नका. ही दोन सुरक्षित औषधं सोडून दुसरं कुठलंही वेदनाशामक लावलेलं जनावर मेलं तर खोल पुरा.

औषध_मोजून
ही गाय आटलेली असेल तर दुधाचा प्रश्न नाही. दुभत्याला मेलॉक्सिकॅम दिलं तर बाटलीवर लिहिलेले दिवस पाळा, युरोपीय लेबलवर दुधासाठी ५ दिवस असतात. तोवरचं दूध डेअरीच्या कॅनमध्ये ओतू नका.