ख्रिसमस पार्टीचे क्राफ्ट : टिकल्यांचं झाड करा
ज्युनिअर केजीच्या मुलांकडून अर्ध्या तासात काय करून घेता येईल असा प्रश्न असेल, तर कागदाची घडी कापून करायचे स्नोफ्लेक (बर्फाच्या कणांची नक्षी) कुणी सुचवले तरी नकोच, चार पदरी घडी झाली की त्या वयात कात्री चालतच नाही आणि मग सगळे ताईंच्या मागे लागतात. त्यापेक्षा आइस्क्रीमच्या काड्यांचं झाड करा. हिरव्या काड्या स्टेशनरीत तयार मिळतात, तीन काड्यांचा त्रिकोण आदल्या रात्री घरीच चिकटवून ठेवा कारण फेव्हिकॉल नीट सुकायला वेळ लागतो आणि मुलं लगेच उचलून बघतात. वर्गात सजावट फक्त कपाळाच्या टिकल्यांनी, खरंच करून बघा, मागे गोंद असतोच त्यामुळे हात बरबटत नाहीत आणि इवल्याशा बोटांनी टिकली सोडवून लावण्यात मुलं अगदी गुंग होतात. लाल सोनेरी मोठ्या गोल टिकल्या घ्या, खड्याच्या नको, खडे निघून तोंडात जातात. चमकी तर अजिबातच नको, डोळ्यात जाते. वेळ उरला तर पेपर प्लेटवर कापसाची दाढी लावून सांता. आणि हो, मागे प्रत्येकाचं नाव आधीच लिहा नाहीतर घरी जाताना रडारड होते, चार-पाच झाडं जास्तीची पण ठेवा.